तंबू-कॅम्पवर काम करायचंय? राधानगरी-दाजीपूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या आसपास तंबू आणि सामान भाड्यानं देणारे साधे कॅम्प आता बरेच झालेत. तिथं कामाला येऊ पाहणारी मुलं-मुली आणि स्वतःच्या रानात असा कॅम्प काढू पाहणारे शेतकरी आम्हाला फोन करून साधारण तेच तेच विचारतात. त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत. आम्ही राधानगरी तालुक्यात काम करतो, त्यामुळं उदाहरणं बहुतेक इथलीच आहेत.

दिवसभर नेमकं काय काम असतं?

पाहुण्यांशी गप्पा आणि सूर्यास्ताचे फोटो हा या कामाचा अगदी छोटा भाग आहे. खरं काम म्हणजे वाळवणं, मोजणं, धुणं, पाणी बघणं आणि रात्री जागं राहणं. पहाटे उठल्यावर आधी टाकीतलं पाणी बघायचं, मग चूल पेटवायची. पाहुणे उठण्याच्या आत शौचालयं धुऊन झाली पाहिजेत. नाष्टा झाला की तंबू रिकामे होतात आणि पुढचे पाहुणे दुपारनंतर पोचतात. मधल्या तीन-चार तासांत प्रत्येक तंबू झाडायचा, पुसायचा, उघडा टाकून वाळवायचा, चेन तपासायची, अंथरूण-पांघरूण बदलायचं. शनिवार-रविवारी हे तास कधी संपतात ते कळत नाही. सोमवारी दुरुस्ती निघते.

हे वाचून ज्याला कंटाळा आला त्यानं दुसरं काम बघावं, असं आम्ही स्पष्ट सांगतो. ज्याला नीट घडी घातलेला कोरडा तंबू बघून बरं वाटतं, तो इथं टिकतो.

तंबू उभा करणं अवघड असतं का?

उभा करणं अर्ध्या दिवसात येतं. तो वाऱ्यात उभा राहील असा बांधायला मात्र एक हंगाम जातो. आपल्याकडच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर, जांभा दगड आहे, वर वीतभर माती. तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या त्यात वाकतात. लोहाराकडून फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या करून घ्या. जिथं त्याही जात नाहीत तिथं दोरी मोठ्या दगडाला बांधायची आणि त्यावर दुसरा दगड ठेवायचा. तंबूची पाठ वाऱ्याकडं हवी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, घाट चढून येतो. वळवाचा मात्र नेम नसतो.

एप्रिल-मेमधला वळीव हाच तंबूचा खरा शत्रू. दुपारपर्यंत कडक ऊन, चारला ढग, आणि पाच मिनिटांत वावटळ. अशा वेळी पाहुण्यांना तंबूत ठेवायचं नाही, झाडाखालीही नाही. पक्क्या खोलीत नाहीतर बंद गाडीत बसवायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ हे विजेची पूर्वसूचना देणारं ॲप प्रत्येक कामगाराच्या फोनमध्ये पाहिजे. पण नेटवर्क नसलं तर ते गप्पच राहतं, म्हणून आभाळ वाचायला शिकणं सुटत नाही.

पाहुणे म्हणतात तंबू गळतोय, पण पाऊस तर पडलेलाच नाही. मग?

थंडीत ही तक्रार रोज सकाळी येते. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं. थंडी वाजते म्हणून पाहुणे वरच्या जाळीच्या खिडक्या बंद करतात आणि मग जास्तच ओल धरते. आदल्या रात्रीच समजावून सांगायचं, की खिडकी थोडी उघडी ठेवा आणि अंगावर एक ब्लँकेट जास्त घ्या. बाहेरचं कापड आतल्या कापडाला चिकटलं असेल तर दोऱ्या ताणून द्या. खाली अंथरलेलं ताडपत्रीचं टोक तंबूच्या बाहेर आलं असेल तर आत दुमडा, नाहीतर दव त्यावरून घरंगळत खाली शिरतं.

भाड्याच्या सामानाचा हिशेब कसा ठेवायचा?

यावर आम्ही सविस्तर बोलतो, कारण कॅम्पचा नफा-तोटा इथंच ठरतो.

भाड्यानं जाणाऱ्या वस्तू दोन जातीच्या असतात. एक ट्रेकिंगचं सामान: तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, हेडलॅम्प, गॅसची छोटी शेगडी. दुसरं म्हणजे स्वयंपाकाचं सामान, आणि कोल्हापुरात याला मागणी जास्त. आपल्याकडं रस्सा मंडळाची जुनी पद्धत आहे. दहा-पंधरा मित्र मटण, मसाला, कांदा-लसूण चटणी घेऊन येतात आणि पातेली, परात, पळी, झारा, तिवई, लाकूड एवढंच मागतात. स्वयंपाक त्यांचा ते करतात, आणि करतातही उत्तम.

प्रत्येक वस्तूला रंगानं नंबर टाका. देताना पाहुण्यासमोर मोजा, वहीत लिहा, सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा. परत घेतानाही त्याच्यासमोरच मोजा. “राहू दे, नंतर बघतो” म्हणालात की गेलं. तंबूची पिशवी परत आली तर खुंट्या मोजल्याशिवाय अनामत द्यायची नाही. हरवतात त्या खुंट्याच. पोल उघडून बघा, आतलं इलॅस्टिक तुटलंय का. चेन दोन्ही बाजूंनी ओढून बघा. चेन अडकते ती बहुतेक वेळा मातीनं. जुन्या टूथब्रशनं चेनचे दात घासून त्यावर मेणबत्ती फिरवली की चालते. रनर झिजला असेल तर कोल्हापुरातला बॅगा दुरुस्त करणारा कारागीर तो बदलून देतो, नवा तंबू घ्यायची गरज नसते.

पातेलं चुलीवर चढवण्याआधी बाहेरून माती आणि राखेचा लेप द्यायला पाहुण्यांना सांगा, किंवा स्वतःच देऊन ठेवा. आपल्या आज्या हेच करायच्या. काजळी लेपावर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. लेप नसेल तर धुणाऱ्या मावशींचा अर्धा दिवस त्यात जातो, आणि त्या तुमच्या कॅम्पवर फार दिवस टिकत नाहीत.

स्लीपिंग बॅगच्या आत सुती चादरीची खोळ घाला. खोळ दर पाहुण्यामागं धुवायची, बॅग उन्हात उलटी टाकायची. दर वेळी बॅगच धुतली तर आतलं भरण गोळा होतं आणि तिची ऊब जाते.

अनामत कापायची वेळ आली तर दर आधीच फलकावर लिहिलेला असू द्या. जागेवर ठरवलेला आकडा कुणालाच पटत नाही. आणि लहान मुलानं फाडलेली जाळी, वाऱ्यानं मोडलेला पोल याचे पैसे घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. तो धंद्याचा खर्च आहे.

पावसाळ्यात कॅम्प चालतो का?

काही चालवतात. आम्ही जून अखेरीस तंबू गुंडाळतो आणि फक्त पक्क्या छपराखालची सोय सुरू ठेवतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शहरातून येणाऱ्या पाहुण्याला हा फरक डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. दाजीपूरची जंगल सफारी पावसाळ्यात बंद असते, पण धबधब्यांसाठी गर्दी येतेच.

त्या दिवसांत कामगाराला नद्यांचा हिशेब तोंडपाठ हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि भोगावतीचं पाणी वाढतं. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की वाहतूक थांबते. २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या प्रत्येकाला आठवतात. म्हणून पाणी चढायला लागलं की पाहुण्यांना संध्याकाळची वाट न बघता दुपारीच परत पाठवायचं. पैसे परत द्यावे लागले तरी चालतील.

ओला तंबू घडी करून ठेवला की तीन-चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. शिवाय सतत ओल राहिली तर आतल्या बाजूचा जलरोधक थर चिकट होऊन सुटायला लागतो. पाऊस असताना वाळवायचा उपाय एकच: पत्र्याच्या शेडमध्ये दोऱ्या बांधून पंखा लावायचा आणि रोज उलटा करायचा. चुलीवरच्या माळ्यावर टाकू नका. धूर बसतो, आणि एक ठिणगी नायलॉनला पुरते. वीज तर या दिवसांत दोन-दोन दिवस जाते, तेव्हा नुसतं दोरीवर पसरून वाट बघावी लागते.

पाणी कुठून आणता? पिण्यायोग्य असतं का?

बहुतेक जागी झरा किंवा विहीर आणि डोंगरातून आणलेली पाइप. झरा स्वच्छ दिसतो म्हणून तसाच प्यायला द्यायचा नाही. वर गुरं चरतात, जनावरं पाण्यावर येतात. ग्रामपंचायतीत वापरतात तीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. पावडर हवाबंद डब्यात ठेवा, उघडी राहिली तर तिच्यातला जोर निघून जातो. पिण्याचं पाणी त्यानंतर गाळून वेगळ्या पिंपात.

एप्रिलपासून झऱ्याची धार बारीक होते. मेच्या सुट्टीत पाहुणे सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी, ही कॅम्पची दरवर्षीची ओढाताण. टाकीत पाणी दिसेल तेवढंच बुकिंग घ्यायचं. खालच्या वाडीतल्या लोकांचं पाणी त्याच झऱ्यावर असेल तर आधी त्यांचा हक्क.

शौचालयांचं काय?

शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. पावसाळ्यात जमीन पाणी पीत नाही, खड्डे तुंबतात. ही आणखी एक गोष्ट, जिच्यामुळं आम्ही त्या काळात पाहुण्यांची संख्या निम्म्यावर आणतो. साफसफाई आळीपाळीनं सगळ्यांनी करायची, मॅनेजरनंसुद्धा. हे काम एकाच माणसावर ढकलणाऱ्या कॅम्पवर नोकरी धरू नका.

गवे, बिबट्या यांची भीती असते का?

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि ते मुळात गव्यांसाठीच १९५८ मध्ये दाजीपूरला सुरू झालं. गवा इथला धनी आहे. संध्याकाळी आणि पहाटे तो गवताला, पाण्याला, उसाला खाली येतो. पूर्ण वाढलेला नर वजनानं टनाच्या आसपास जातो. त्याला दगड मारू नका, त्याच्यावर गाडीचे दिवे मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. त्याची निघायची वाट मोकळी ठेवा आणि त्याच्या व पिल्लाच्या मध्ये कधीही उभे राहू नका. शांत राहिलं तर तो आपला निघून जातो.

बिबट्याचा प्रश्न आपण स्वतः ओढवून घेतो. रस्सा झाला की हाडं उघड्यावर पडतात, हाडांवर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. म्हणून रात्री झोपण्याआधी उष्टं-खरकटं झाकणाच्या पिंपात गेलंच पाहिजे. माकडांसाठीही हाच नियम. तंबूत केळी, बिस्किटं ठेवली की माकड चेन उघडत बसत नाही, कापडच फाडतं. आजरा, चंदगडकडं कॅम्प असेल तर हत्तींचीही बातमी ठेवावी लागते.

अंधार पडल्यावर एकट्यानं फिरायचं नाही, हा नियम पाहुण्यांना आल्या आल्या सांगायचा. आमचे वाटाडे आण्णा तो असा सांगतात: “पावणं, रातच्याला लघवीला जायचं झालं तरी हाक मारा, म्या जागाच हाय.” त्यात धाक नाही, आणि लोक ऐकतात. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

साप, जळवा, गोचीड?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडं आहेत. झाडा-झुडपांवर हिरवा चापडाही दिसतो. तंबूची चेन कायम बंद, बूट घालण्याआधी झटकून, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही, लाकडाच्या ढिगात थेट हात नाही. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, देवऋषी-मांत्रिकाकडं न्यायचं नाही. माणसाला निजवून तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून गरज पडली तर कोल्हापूरचं सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय. नेटवर्क नसलेल्या कॅम्पवर एक गाडी आणि एक चालक रात्रभर तयार हवा. हा खर्च वाचवणाऱ्या मालकाकडं काम करू नये.

जळवा पावसाळ्यात असतातच. ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, सुटतात. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याला घाबरायचं कारण नाही. गोचीड मात्र गांभीर्यानं घ्या. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडं गोचिडांमुळं पसरणारा माकडताप २०१६ पासून आढळलाय. जंगलातून आल्यावर अंग तपासणं, गोचीड चिमट्यानं सरळ ओढून काढणं आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगणं, एवढं करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनविभागाला कळवा.

शेकोटी करू देता का?

ठरलेल्या जागी, लोखंडी अर्ध्या पिंपात, आणि फेब्रुवारी ते मे वारा असेल तर मुळीच नाही. त्या दिवसांत सड्यावरचं गवत कोरडं ठणठणीत असतं आणि एका ठिणगीनं डोंगर जातो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, गुरांची वैरण, सगळं एका दुपारी. कॅम्पभोवतीचं गवत हिवाळा संपायच्या आत कापून पट्टा मोकळा करायचा. रात्री शेकोटी विझवताना राखेवर पाणी ओतून, ढवळून, परत ओतायचं. हात लावून गार लागल्याशिवाय तिथून उठायचं नाही. अभयारण्यातून काटकीसुद्धा आणायची नाही, लाकूड शेतकऱ्यांच्या मालकीतलं विकत घ्यायचं.

आणि एक गोष्ट जिच्यात कुणाचंही ऐकायचं नाही: डिसेंबरच्या थंडीत पाहुणे निखाऱ्याची शेगडी तंबूत मागतात. द्यायची नाही. बंद तंबूत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. गॅसची शेगडीही आत पेटवू द्यायची नाही. रुसले तर रुसू देत. त्यांना गरम पाण्याची बाटली आणि जास्तीचं पांघरूण द्या.

दारू आणि साउंडबद्दल काय नियम?

रात्री दहा ते सकाळी सहा मोठा आवाज कायद्यानंच बंद आहे. आम्ही स्पीकर दिवसाही आत घेऊ देत नाही. दरीत आवाज लांब जातो, पलीकडच्या धनगरवाड्यावर लहान मुलं झोपलेली असतात. दारूबाबत प्रत्येक कॅम्पचं धोरण वेगळं. आमच्याकडं कुटुंबं येतात म्हणून बंदी आहे. तुम्ही जिथं जाल तिथं नियम लेखी आहे का आणि मालक तुमच्या पाठीशी उभा राहतो का, हे पहिल्या दिवशीच विचारा.

काजव्यांच्या दिवसांत काम वाढतं का?

मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत, खूप. पहिल्या वळवानंतर झाडंच्या झाडं लुकलुकतात आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याहून गाड्या येतात. काजवा उजेडानं जोडीदार शोधतो, आपण टॉर्च आणि गाडीचे दिवे मारले की तो शोध मोडतो. वर्षातले त्याचे हे मोजके दिवस आहेत. गाड्या लांब उभ्या करून चालत न्यायचं, टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधायचा, फ्लॅश बंद, झाडाखाली गवतात शिरायचं नाही, कारण मादी आणि अळ्या तिथं खालीच असतात. एका वेळी पंधरा-वीस माणसांपेक्षा जास्त नेऊ नये असं आम्हाला वाटतं. इथं धंदा आणि काजवे यांत एकच निवडायची वेळ आली तर काजवे निवडा. ते गेले तर पुढच्या वर्षी कुणी येणारही नाही.

मुलींना हे काम जमतं का?

जमण्याचा प्रश्नच नाही, गरज आहे. कुटुंबं आणि मुलींचे गट आले की बाई कामावर असल्यानं त्यांना मोकळं वाटतं. मालकाला मात्र तीन गोष्टी विचारून घ्या: आतून कडी असलेली स्वतंत्र खोली, स्वतंत्र शौचालय, आणि रात्रपाळीला दुसरी बाई सोबत.

गावातली माणसं कामाला मिळतात का?

मिळतात, पण वर्षभर नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. जून-जुलैत भाताची लावण, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि गुऱ्हाळं. चैत्रात जोतिबाची यात्रा, शिवाय प्रत्येक गावची जत्रा वेगळी. ज्याचं रान आहे तो आधी रानात जाणार. म्हणून कॅलेंडरवर या तारखा आधी खुणेनं लिहायच्या आणि त्या दिवसांत बुकिंग कमी घ्यायचं. दूध, भाजी, नाचणीची भाकरी, अंडी गावातूनच घ्या. ज्या गावाला कॅम्पमुळं चार पैसे मिळतात, ते गाव रात्री-अपरात्री अडचणीला धावून येतं.

पाहुण्याला “नाही” कसं म्हणायचं?

नव्या मुलांना सर्वांत जड जातं ते हेच. आपल्याकडं पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही. तलावात पोहायचंय, गव्याजवळ जायचंय, रात्री बाराला गाणी लावायचीत, शेगडी तंबूत पाहिजे. पैसे दिलेत म्हणून मिळालंच पाहिजे असं त्यांना वाटतं. आवाज चढवू नका आणि नियमाच्या मागंही लपू नका. कारण सांगा. “या तलावात खाली गाळ आहे, पाय रुततो,” हे “पोहायला मनाई आहे” यापेक्षा लवकर पटतं. लगेच दुसरं काहीतरी पुढं करा: चहा, चालायला एखादी वाट, चांदण्या. तरी ऐकलं नाही तर वरिष्ठाला बोलवा, आणि वरिष्ठानं पाहुण्यासमोर तुमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

फोन, पैसे, कागदपत्रं?

दरीत यूपीआय चालेलच असं नाही, पैसे राधानगरीत किंवा त्याआधी घेतलेले बरे. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि वहीत नोंद हवी. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांकडं ऑनलाइन जावी लागते. जेवण देत असाल तर अन्न परवाना हवा. स्वतःच्या शेतात कॅम्प काढणाऱ्यांनी राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचावं आणि जागा अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये (बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात) येते का, हे खांब रोवायच्या आधी वनविभागाकडून लेखी घ्यावं.

कामावर येताना काय आणायचं?

घोट्याच्या वर येणारे बूट, दोन जोड्या. एक कायम ओली असते. हेडलॅम्प आणि जास्तीचे सेल, रेनकोट (छत्री वाऱ्यात टिकत नाही), पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एक चांगला चाकू, सुई-दोरा, स्वतःची नेहमीची औषधं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. गाडी चालवता येत असेल तर लायसन्स आणा, आणि येत नसेल तर शिकूनच या, रात्री ते कधी लागेल सांगता येत नाही. पगार, सुट्टीचा वार आणि अपघात विमा हे तिन्ही आधी कागदावर घ्या, मग सामान भरा.